छातीभर पाणी

सडक अर्जुनी,
१२ ऑक्टोबर २००३

ति. निर्मलाताईस,
धाकट्या दुर्गाचा सविनय जयभीम, वि. वि.

आम्ही इकडे बरे आहोत. माझा हात अजून कागदावर ठरत नाही, म्हणून मी सांगते आणि समीक्षा लिहिते. पोरीचं अक्षर आईपेक्षा सुरेख आहे, तेव्हा फायदा तुझाच. गोंदियाचा डॉक्टर म्हणाला होता ना, की झटका लहान मेंदूला बसला, हातापायांत ताकद शाबूत आहे, फक्त तोल गेला, तो पाण्यात चालून परत येईल. तसं चालणं सुरू केलं आहे. तोल येऊन राहिला. भाऊजींना सांग, संक्रांतीला मुर्रीला आले की त्यांच्याशी शर्यत लावीन.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी दुर्गा

मावशी, आईला न सांगता या कोपऱ्यात लिहिते. वरचं सगळं खोटं आहे. पाण्यात चाला म्हटल्यावर आईला पाणी भरलेली धानाची बांधीच आठवली. शेजारच्या सुशिलाबाईचा हात धरून ती बांधीत उतरली. चिखलात पाय रुतला, तोंडावर पडली, नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. तेव्हापासून ती उभीच राहत नाही. बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस रायपूरकडे असतात. तिला संडासला न्यायलाही मीच लागते. महिना झाला, मी शाळेत गेले नाही. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे. मला खूप भीती वाटते.
समीक्षा


मुर्री,
२१ ऑक्टोबर २००३

चि. दुर्गास, ताईचा सप्रेम जयभीम.

पोरीवर चिडू नको, तिने मला सगळं कळवलं आहे. इतकी वर्षं झाली तरी तुला खोटं बोलता येत नाही. तोल येतो आहे म्हणे. कुठून, रायपूरच्या गाडीने?

मी परत डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, पाणी छातीभर पाहिजे. घोटाभर पाण्यात चिखल पाय धरतो. छातीभर पाणी चारी बाजूंनी माणसाला धरतं. शहरात त्यासाठी कठडे लावलेले हौद असतात. तुझ्या घरामागे बोडी आहे, छातीभर पाण्याचं तळंच ते. बकाराम तिथे मासे धरतो, त्याला दोन बांबू रोवून दे म्हणावं. दुपारी उन्हातच उतरायचं आणि एकटीने मुळीच नाही. मी आले असते गं, पण सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांना सोडून निघता येत नाही. रात्रंदिवस जीव तुझ्याकडे लागला आहे. समीक्षाची दहावी बुडता कामा नये, बाकी काही बुडो.

माया कमी करू नको.
निर्मलाताई


सडक अर्जुनी,
१८ नोव्हेंबर २००३

ति. ताईस, सविनय जयभीम, वि. वि.

बांबू रोवून झाले. तीन आठवडे रोज उतरले. बांबू धरला की उभी राहते, सोडून पाऊल पुढे टाकलं की सारी बोडी फिरते आणि मी पाण्याखाली जाते. समीक्षा केस धरून वर काढते. काठावर बाया जत्रा पाहिल्यासारख्या बसतात. समीक्षाचे बाबा, मनिराम, परवा येऊन गेले. म्हणाले, पोरगी घरीच राहू दे, दहावी करून काय कलेक्टर होणार आहे? मी भांडायला उठले आणि पडले.

ताई, झटका आला त्याच दिवशी मी मेले असते तर पोरगी शाळेत गेली असती. समीक्षा हे वाक्य लिहायला तयार नाही. मी म्हटलं, लिही. तिने पेन ठेवून दिला होता. सकाळचं पत्र आता संध्याकाळी पुरं होतं आहे.

आता मला पाण्यात पाठवू नको, एवढा लोभ ठेव.
दुर्गा


मुर्री,
२४ नोव्हेंबर २००३

दुर्गे,

ते वाक्य वाचून मला दोन दिवस अन्न गेलं नाही. स्वतःच्या लेकराच्या हातून असं लिहवून घेतलंस? ती पंधरा वर्षांची आहे. पुन्हा केलंस तर सासूबाईंना खाटेसकट घेऊन तिकडे येईन आणि तुला मारीन.

दुसऱ्या दिवशी रडता रडता एक आठवलं. वीस वर्षं तू रोवणीच्या बायांच्या रांगेत पहिली असायचीस. मी दहा वेळा आपटायची, तू एकदाही नाही. पण आपण पाण्यात पुढे कधी चाललो गं? वाकून रोप खोवायचं आणि एक एक पाऊल मागे सरकायचं. जन्मभर मागेच. तू पाठमोरी होऊन बघ. डॉक्टरला विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, चालेल, पण पाठीमागे आधाराला माणूस पाहिजे. सुशिलाबाईला उभी कर.

मी तुझ्यापुढे पदर पसरते. एकदा कर.
ताई


सडक अर्जुनी,
४ मार्च २००४

ति. ताईस, सविनय जयभीम.

अक्षराला हसू नको, हे पत्र मी स्वतः लिहिलं. दोन दिवस लागले.

तुझं ऐकलं. पहिल्या दिवशी पाठमोरी बारा पावलं गेले, बांबू न धरता. सुशिलाबाई रडली, मी नाही. डिसेंबरात बोडीची रुंदी पुरी केली. मग पुढे तोंड करून. जानेवारीत समीक्षा शाळेत परत गेली. तुला कळवलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. या गोष्टी मानू नयेत हे ठाऊक आहे, तरी भ्यालेच.

परवा तिचा पहिला पेपर होता. पाण्यात मी बरी, जमिनीवर अजून भिंत लागते. पण तिला सांगितलं होतं की मी दारात उभी राहून तुला निरोप देईन, तेव्हाच तू निश्चिंत मनाने लिहिशील. चौकट सोडली, दोन्ही हात मोकळे सोडले. पोरगी जाता जाता वळून बघायची. चार वेळा वळली. चारही वेळा मी उभी होते. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी उंबऱ्यावर आपटले. कपाळाला तीन टाके पडले. संध्याकाळी तिला सांगितलं की कवाडाची कडी लागली. ती पेपर चांगला गेला म्हणाली.

म्हणून हे पत्र तिच्याकडून लिहवलं नाही. आज दुसरा पेपर होता. आजही उभी राहिले.

लोभ मनात ठेव, कागद चुलीत टाक.
तुझी दुर्गा