नीरजकडून दोन अक्षरं

१६ एप्रिल २००६, रविवार
आज हरलो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हरलो.
सी-स्कीममधल्या द्वारकाजींच्या सायबर कॅफेत, नीरज माथुरकडून. कम्प्युटरवरच्या लढाईत माझी खाण गेली, फौज गेली, शेवटी गढी पडली. आमच्या गेमचा रिवाज असा, की हरणाऱ्याने स्वतःच्या हाताने 'जीजी' टाइप करायचं, म्हणजे 'गुड गेम', आणि बाहेर पडायचं. मागे सगळी पोरं उभी. टाइप केलं. वर नीरजने खांद्यावर हात ठेवून मला टिप्स दिल्या. म्हणे, भाई, सुरुवातीला कामगार जास्त बनवत जा.
मी जयपूरमधला एकमेव प्रोफेशनल प्लेयर. बाकीचे कॉलेजात जातात. आणि मला टिप्स! याचा सूड घेतला नाही तर चंदन नाव लावणार नाही.

१७ एप्रिल
बाबांनी सकाळी चहाच्या वेळी साफ सांगून टाकलं. (बाबा रेल्वेच्या रिझर्वेशन ऑफिसात. भुसावळहून बदली होऊन इथे आलो, तेव्हापासून त्यांचं बोलणं खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं झालंय.) द्वारकाजींची मे महिन्यातली स्पर्धा जो जिंकेल तो दिल्लीच्या फायनलला जाणार. मी गेलो तर माझा खेळ खरा. नाहीतर कॅफे बंद आणि रेल्वे भरतीच्या परीक्षेला बसायचं.
लगेच कबूल केलं. दिल्ली वगैरे होईलच. मला नीरजच्या हातचं जीजी हवंय.

२३ एप्रिल
आजपासून पहाटे उठून सराव. उठलो साडेदहाला, पण मनाने पहाटेच.
नीरजच्या जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंगं बघितली. कायम डावीकडून हल्ला करतो. बावळट. धाकटी अश्लेषा मागे येऊन उभी राहिली आणि विचारायला लागली, की भैया, मतलब तू दिवसभर त्यालाच बघत बसतोस, प्रेमात वगैरे आहेस का. आईकडे तक्रार केली. आई हसली. या घरात सूड या विषयाचं कुणालाच गांभीर्य नाही.

२ मे
सरावात ओळीने हरलो. माउसच्या गोळीत कचरा. कूलरमधलं पाणी संपलेलं. शिवाय मुद्दामच, माझी खरी ताकद नीरजला कळू नये म्हणून. तो कॅफेत नव्हता, पण त्याची माणसं असू शकतात.

९ मे
द्वारकाजींकडून एक नियम करून घेतला. मधेच लाइट गेली तर सामना पहिल्यापासून. आत्तापर्यंत लाइट गेली की कोण पुढे होतं ते बघून द्वारकाजीच विजेता ठरवायचे, आणि नीरज त्यांचे कम्प्युटर फुकटात दुरुस्त करून देतो. म्हणजे निकाल काय लागणार ते कळतंच. द्वारकाजी म्हणाले, तू म्हणतोस तर ठीक आहे बेटा. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंसुद्धा. नीरजचे सगळे दरवाजे एकेक करून बंद करतोय.

१४ मे
सेमीफायनल जिंकलो. समोरच्याला ऊन लागलं होतं, तो उलटी करायला गेला तो परत आलाच नाही. विजय तो विजय.
इथल्या फायनलला समोर नीरजच. मला बेस्ट ऑफ लक म्हणाला. हसून. हेही लक्षात ठेवलंय.

२० मे
नुसतं हरवायचं नाही. सगळ्यांसमोर, सावकाश, माती खायला लावायची. आईला म्हटलं, उद्या गोड कर. ती म्हणाली, आधी जिंकून ये.

२१ मे, रविवार
खरं काय घडलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून लिहितोय.
मी जिंकत होतो. तो डावीकडूनच आला. माझी फौज झाडीत दबा धरून. चटणी केली त्याची. मग खाण पाडली, तबेले जाळले, गढी पाडली. उरला एक बुरूज. एका धडकेचं काम. मागून द्वारकाजी म्हणत होते, की बेटा, पाडून टाक.
पण शेवटची इमारत पाडली की कम्प्युटर आपणहून निकाल लावतो. मग नीरजला काहीच टाइप करावं लागत नाही. म्हणून थांबलो. त्याला म्हटलं, लिही. तो म्हणाला, की बुरूज अजून उभा आहे, तर कशाला लिहू. मग मी घोडदळ बुरुजाभोवती फिरवायला लागलो. वरात काढली. पोरं हसायला लागली. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता.
बाहेर आकाश पिवळं पडलं होतं. कुणीतरी म्हणालं, आंधी येतेय. म्हटलं, येऊ दे.
आली. लाइट गेली.
नियम भिंतीवरच होता. लाइट आल्यावर पहिल्यापासून खेळलो. या खेपेला तो उजवीकडून आला.
जीजी मला टाइप करावं लागलं. रडू येत होतं, पण धुळीने सगळ्यांचेच डोळे लाल होते.

२२ मे
नैतिक विजय माझा. बाबा भरतीचं गाइड माझ्या उशाशी ठेवून ऑफिसला गेले.

३ जून
नीरज आज घरी आला. सुट्ट्यांमुळे दिल्लीच्या गाड्या फुल, त्याचं तिकीट वेटिंगवर. अंकलजी काही करू शकतील का, म्हणून. अखेर शरण आला. बाबांना मागून खुणा केल्या, की नाही म्हणा, नाही म्हणा. बाबांनी खुणा पाहिल्या आणि रेल्वेच्या राखीव कोट्यातून जागा मिळावी म्हणून चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, पोरगं जयपूरचं नाव काढायला निघालंय. आईने पोहे केले. त्याने आंटीजी, आंटीजी करत दोनदा मागून घेतले.

५ जून
आईने त्याच्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली आणि डबा पोचवायला मला स्टेशनवर पाठवलं. तिकीट कन्फर्म. खिडकीची जागा.
ठरवूनच गेलो होतो. डोळ्यात डोळे घालून सांगायचं, की दिल्लीला खरं तर मी जायला हवं होतं, आणि हे तुलाही माहीत आहे. तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचे वडील पाण्याची बाटली घेऊन आले. विचारलं, हा कोण. नीरज म्हणाला, की रेल्वेवाल्या अंकलचा मुलगा. वडिलांनी विचारलं, हाही खेळतो का. नीरज अगदी मनापासून म्हणाला, हो पापा, थोडाबहुत खेळतो, शिकतोय.
वडिलांनी माझी पाठ थोपटली आणि मेहनत करत राहा म्हणाले.
मी थँक्यू अंकल म्हणालो आणि डबा खिडकीतून आत दिला.