ओट्याची उंची

१२ जानेवारी १९९७, रविवार
नव्या घराच्या प्लॉटवर जाऊन आलो, सगळेच. वरचा स्लॅब टाकून झाला. खांदेश्वरच्या बाजूनं असा वारा येतो की पदर सांभाळण्यातच वेळ गेला, घर नीट बघायचं राहिलं.

जेवताना प्रकाशभावजींनी विषय काढला, इंटीरियर डिझायनर घ्यायचा. मार्केटात त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं वाशीच्या फ्लॅटला घेतला होता म्हणे. ह्यांना पटलं नाही. राहणार आपण आणि पलंग कुठं टाकायचा ते परक्यानं सांगायचं? सासूबाईंचंही तेच, गावाकडचं घर कुणी डिझाइन केलं होतं, ते काय पडलं? पडलं नाही हे खरं. पण पाहुणे आले की आम्ही बायका न्हाणीच्या दारात ताट घेऊन बसायचो. हे मी बोलले नाही.

भावजी म्हणाले, एकदा बोलावून तर बघू. बघू.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. आलेल्या सगळ्या बायकांनी गोड बोलायचं सोडून सल्ले दिले. डिझायनर घेऊ नका, नुसती कपाटं करतात. डिझायनर घ्याच, नाहीतर सुतार डोक्यावर बसतो. धाकटी जाऊ सुनंदा हसत वाण देत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१९ जानेवारी, रविवार
डिझायनर आल्या. तीस-बत्तीसच्या असतील, पंजाबी ड्रेस, हातात टेप. (यापुढे डि.बाई लिहीन, नाव फार लांब आहे.) प्लॉट नंतर बघू, आधी तुम्ही राहता कसे ते बघते म्हणाल्या. नेरूळच्या या दोन खोल्यांत आठ माणसं कशी राहतात, ते बघायला टेप कशाला लागते कोण जाणे.

सकाळी पहिलं कोण उठतं, चपला कुठं काढता, आजींना रात्री दिवा लागतो का, असं काय काय विचारलं. सु. भाकरी करत होती. ओटा उंच, म्हणून ती पाटावर उभी राहून करते. डि.बाई तो पाट बराच वेळ बघत होत्या. मी तो रोज बघते, पोरं पाय लागून पडू नयेत म्हणून रोज बाजूलाही सारते. पण त्या कशा बघतायत ते बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग पेन उघडून सहज विचारलं, "स्वयंपाकघर एक की दोन?"

हे उठून गॅलरीत गेले. भावजी पंख्याकडे बघत बसले. सासूबाईंनी मिश्रीची डबी उघडली आणि परत लावली. सु.नं तव्यावरची भाकरी उलटली.

मीच म्हणाले, "एकच. दोन कशाला?" आवाज जरा चढलाच.

आमच्यात हा प्रश्न विचारत नाहीत. वेगळं व्हायचं असेल तर आधी भांडतात, मग आपोआप होतं.

२० जानेवारी, सोमवार
ह्यांनी निकाल दिला, डिझायनर नको. मिस्त्री बरा. का, तर तो भलतंसलतं विचारत नाही. फी ऐकून ठसका लागला होता ते कारण सांगितलं नाही. भावजीही लगेच हो म्हणाले, ज्यांनी हे खूळ आणलं तेच. दोघा भावांचं इतकं एकमत बऱ्याच दिवसांनी झालं.

२३ जानेवारी, गुरुवार
ऑफिसातून लवकर निघाले. बेलापूरहून बस, पुढं रिक्षा. मिस्त्रीला फरशीचं सांगायचं होतं. वर गेले तर मागच्या खोलीत भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलेला, तोंडाला बूच. नकाशात तिथं नळ नाही. मिस्त्रीला विचारलं हे काय.

"लेडीज लोग आए थे ना मंगलवार को। बोला, पाइप छोड़ दो, बाद में किचन लगा तो।"

मंगळवारी स्लॅबला पाणी मारलंय का बघायला सु. आणि सासूबाई गेल्या होत्या.

घरी येईपर्यंत डोकं भणभणलं. नऊ वर्षं एका ताटात जेवल्यासारखं राहिलो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं केलं, तिच्या वेळी मी रजा काढली. आणि मनात हे. सरळ मला सांगता येत नव्हतं? मला फार वाईट वाटलंय. राग पण आलाय.

२४ जानेवारी, शुक्रवार
डबा नेला नाही. कॅन्टीनची उसळ खाल्ली, अर्धी टाकली. सु.नं संध्याकाळी विचारलं नाही का नेला नाही. तिनं विचारलं असतं तर भांडता आलं असतं.

२६ जानेवारी, रविवार
सव्वीस जानेवारी रविवारीच आली, सुट्टीत सुट्टी गेली. दुपारी मी मटार सोलत होते, सासूबाई शेजारी. त्यांनीच काढलं. डबा का न्हेत न्हाईस गं? मी पाइपचं बोलले. त्या शेंग सोलत राहिल्या.

"त्यो मी सोडाय लावला. सुनंदीला ठावं बी न्हाई, ती खाली नळाला पाणी हाय का बघत हुती."

मग त्यांनी त्यांच्या थोरल्या जावेचं सांगितलं. माझ्या लग्नाआधीचं. दोघी बारा वर्षं एका चुलीवर. वेगळं व्हायला जागाच नव्हती म्हणून कुणी विषय काढला नाही. एक दिवस मिठावरून बोलाबोली झाली आणि दिरानं चूलच उकरून टाकली. पुढं जाऊ वारली तरी यांनी तिकडं पाणी घेतलं नाही.

"पाइप आसूं दे. पाइप हाय म्हून लगी पाणी सोडाय पायजे आसं न्हाई."

एवढं बोलून मटाराची परात घेऊन आत गेल्या.

२८ जानेवारी, मंगळवार
डबा नेला. त्याआधी सु.ला गॅलरीत गाठलं, कपडे वाळत घालताना. पाइपचं सगळं सांगितलं, मी तिच्यावर संशय घेतला तेही. ती रागावली नाही. मग विचारलंच, तुला वेगळं हवंय का?

तिनं चादर झटकून दोरीवर टाकली.

"मला माहीत नाही, अक्का. त्या बाईंनी विचारलं तोवर हे विचारतात असंच ठाऊक नव्हतं."

कधी वाटतं आपल्या मनानं करावं, म्हणाली. कधी वाटतं, एकटीनं करून खायचं कुणी. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. मला कधी वाटलं होतं ते आठवत नाही, पण त्या वेळी खरं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार
जेवणं झाल्यावर मी सांगून टाकलं, डिझायनर घ्यायची. हे म्हणाले, कशाला, कपाटं तर मिस्त्रीही करेल. मी म्हटलं, कपाटांसाठी नाही, विचारण्यासाठी. आपल्यात कुणी विचारत नाही, तिला ते येतं. ह्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, बोलवा त्या पोरीला. ह्यांनी मान हलवली, पण पेपर तोंडावरून काढला नाही. भावजी म्हणाले, "वहिनी बोलली ना, मग फायनल."

९ फेब्रुवारी, रविवार
डि.बाई प्लॉटवर आल्या. खालच्या स्वयंपाकघरात सु.ला उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि जमिनीपासून टेप धरली. ओटा तिच्या उंचीचा होणार, पाट बंद. सु. इतकी लाजली, जसं काही कुणी दागिना करायला माप घेतंय. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच. मला वाकावं लागेल. रविवारी वाकेन, असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं.

मग वर गेलो. पाइप बघून डि.बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इथं पुढं-मागं ओटा झालाच, तर खिडकी त्याच्या वर यायला हवी. उंची कुणाची धरू?"

मी सु.कडे बघितलं. वर कोण जाईल हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं, धाकटी जाणार, दुसरं कोण?

सु. खाली बघून पायानं वाळू सारखी करत होती. म्हणाली, "अक्कांची."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. सासूबाईंचं पथ्य, पोरांच्या शाळा, सकाळचा चहा, सगळं तीच बघते, खालचं घर तिच्याच हातात आहे. वेगळं झालंच तर उठून जाणारी मी. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. ऐकलं की नाही कळलं नाही.

डि.बाई टेप घेऊन थांबल्या होत्या. मी कोपर वाकवून भिंतीशी उभी राहिले. त्यांनी पेन्सिलीनं आकडा लिहिला. पेन्सिलच बरी सध्या, म्हणाल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार
रात्री झोप लागली नाही म्हणून लवकर उठले. म्हटलं, आज डबा आपणच भरावा. भाजी आधीच झालेली, पातेलं उघडलं, वांगं होतं, माझ्यासाठी बिनतिखटाचं वेगळं काढलेलं. तेवढ्यात सु. आली, पाटावर चढली आणि माझ्या हातातला डाव घेतला.

"राहू द्या, अक्का. तुम्हाला उशीर होईल."

राहू दिला.