पुढच्या रांगेतली खुर्ची

बाई, आज इथं जपानमध्ये, नागोयात, माझ्या तासाला एका विद्यार्थिनीनं प्रश्न विचारला आणि तुम्ही आठवलात. मी इथल्या विद्यापीठात तुम्हीच शिकवलेला, युरोपातल्या जुन्या उमरावांचा इतिहास शिकवते. आज विषय होता फ्रान्सचा दरबार. राणीसमोर कोणी बसायचं आणि कोणी उभं राहायचं हे तिथं ठरलेलं असे. करमाफी, कमरेची तलवार, जहागिरीत न्याय देण्याचा अधिकार हे होतंच. पण डचेसला राणीपुढं साधं बिनपाठीचं स्टूल मिळे, त्याचा तोरा वेगळाच. ती मुलगी हळूच म्हणाली, "सेन्सेई, हक्क नसलेली कोणी चुकून बसली तर तिला उठवायचं कोण? राणी स्वतः?" मी पुस्तकातलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मला मात्र ती संध्याकाळ दिसत होती. आपल्या कॉलेजचं स्नेहसंमेलन. मी शेवटच्या वर्षाला आहे, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, पाहुण्यांना बसवायचं काम माझ्याकडे. तुम्ही निवृत्त होणार म्हणून तुमचा सत्कार आहे. मोरपंखी इरकल नेसून तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष येतात, जुन्या सरदार घराण्यातले, ज्यांना सगळं गाव अजूनही 'सरकार' म्हणतं. सोबत सूनबाईही आहेत. एक खुर्ची कमी पडते. मी तुमच्याजवळ येऊन वाकते.

"बाई, जरा मागं बसता का?"

"कोणी सांगितलं?"

"प्राचार्यांनी."

तुम्ही पर्स उचलता आणि मागं जाता. प्राचार्यांनी काही सांगितलं नव्हतं, बाई. सरकारांनी तर माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मला परदेशी शिकायला जायचं होतं, त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. त्यांच्या नजरेत भरावं एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. "प्राचार्यांना विचारलं मी. त्यांना काहीच ठाऊक नाही. उमरावांचे हक्क तुला तोंडपाठ आहेत. पण ते हक्क चालवतं कोण, ते काल तू मला दाखवलंस." तुमचा आवाज जराही चढला नव्हता. मग तुम्ही तुमच्या टिपणांच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवलात. "या घेऊन जा. मला आता लागायच्या नाहीत." रागानं दिल्यात की मायेनं, मला अजून कळलेलं नाही. मी माफी मागितली नाही. वह्या मात्र घेतल्या.

शिफारसपत्र मिळालं आणि मी निघाले. तुम्ही गेल्याचं मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, त्यालाही आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा इथल्याच एका स्टेशनवर उभी होते. गाडी आली, मी फोन ठेवला आणि चढले. डब्यात नेहमीसारखं कोणीच बोलत नव्हतं.

आज तास संपल्यावर खरं उत्तर द्यावं म्हणून त्या मुलीच्या मागं बाहेर आले. ती सायकलवरून आरुबाइतोला, तिच्या अर्धवेळ नोकरीला, निघून गेली होती. थोडा वेळ सायकलींच्या रांगेपाशी उभी राहिले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

पत्र कुठं पाठवायचं नाही हे बसतानाच माहीत होतं. माफीसाठी लिहितेय असं मी स्वतःला सांगितलं, पण ते अर्धंच खरं. तीन आठवडे झाले, मी कोणाशी मराठीत बोललेले नाही. मघापासून प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणतेय आणि मग लिहितेय.