रॅमच्या जोडीला शेजारी

रविवार संध्याकाळ, खारघर

माझ्या रॅम माशांच्या जोडीने दोनदा अंडी घातली आणि दोनदा स्वतःच खाल्ली. मला वाटलं, प्रायव्हसी हवी असेल. म्हणून टाकीतले बाकीचे मासे काढले, तर नर मादीलाच मारायला लागला.

आई म्हणाली, "दोघांनाच कोंडलंस, मग भांडणार नाहीत तर काय?"

आज चपट्या दगडावर परत अंडी. घाबरत घाबरत सहा छोटे टेट्रा मासे टाकीत सोडले. चुकलं का माझं?

आत्ता एक टेट्रा त्या दगडाजवळ गेला आणि दोघं मिळून त्याच्या अंगावर धावले. मिळून. पहिल्यांदाच.

"तुझी आत्या राहायला आलेली, तेव्हा आमीपण असेच एक झालेलो," आई म्हणाली.

बाबा सोफ्यावरून, "ताईला सांगू का?"

अंडी अजून शाबूत आहेत. आई टाकीसमोर खुर्ची ओढून बसलीये. मला म्हणते, "तू जेवून घे, मी बघते यांच्याकडे."