उजव्या बाजूची इस्त्री

मंगळवार, ता. ४

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती हे पत्र देते. शेवट आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला नको. तुझे दाजी जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत. मेंदूचा झटका आला. आपण लकवा म्हणतो ना, तोच.

काल सकाळी दुकान उघडलं. हे इस्त्रीला उभे राहिले आणि मी कपडे पोचवायला गेले. परत येते तो दारात समोरच्या दवाखान्यातली नर्सबाई, हातात तिचा पांढरा कोट. अर्धी इस्त्री करायची नवीन पद्धत काढली का, असं हसत विचारत होती. बघते तर कोटाची उजवी बाजू कोऱ्या कागदासारखी आणि डावी बाजू चुरगळलेली, जशी आली तशी.

माझं डोकं सटकलं. गिऱ्हाइकासमोरच तोंडाचा पट्टा सोडला. हे शांतपणे म्हणाले की कोट पुरा झालाय. अरे, हा माणूस माझ्या एका वाक्याला दोन ऐकवतो, आणि काल उलट उत्तर नाही की काही नाही! मी म्हटलं, परत करा. त्यांनी परत इस्त्री फिरवली, परत उजवीकडेच. डावा हात टेबलावर नुसता टाकलेला. तेवढ्यात जळका वास आला. कापड जळतंय असं वाटलं मला. कापड नव्हतं रे. डाव्या बोटांना इस्त्री टेकली होती. बोटं भाजत होती आणि हे कोटाकडे बघत होते.

नर्सबाईचं हसू तिथंच मेलं. तिने इस्त्री ओढून बाजूला केली, यांना खुर्चीत बसवलं आणि हसायला सांगितलं. तोंड एकाच बाजूने हसलं. दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा हात खाली आला, आणि यांचं म्हणणं की दोन्ही वर आहेत! बोलणं जड, जिभेवर दगड ठेवल्यासारखं. तिने लगेच मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली. मी पाणी आणलं तर माझ्या हातातून पेला काढून घेतला. म्हणाली की गिळता येत नसेल तर पाणी श्वासनळीत जातं, गोळीसुद्धा द्यायची नाही. मी म्हटलं, जरा आडवं करून तेल चोळते. तिने माझ्याकडे असं बघितलं की तेलाची बाटली मी मुकाट्याने जागेवर ठेवली.

मग तिने विचारलं की हे शेवटचे धडधाकट कधी होते. मला काय ठाऊक, मी बाहेर! पण डॉक्टरांना तेच हवं असतं म्हणे, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मी कपड्यांच्या ढिगाला हात घातला. खाली बेकरीवाल्याचे ॲप्रन, सगळे धड. त्यावर मास्तरांचे शर्ट. पहिले दोन धड, तिसरा अर्धा, आणि तिथून वर सगळेच अर्धे. मास्तरांचे शर्ट मीच टेबलावर टाकले होते, शाळेची पहिली घंटा होत होती तेव्हा. म्हणजे त्यानंतर झालं, आधी नाही. डॉक्टरांना तसंच सांगितलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, आत रक्त सांडलेलं नाही हे बघितलं आणि इंजेक्शन दिलं.

आज गिळता येतंय हे तपासून जेवण दिलं. ताटातलं उजवीकडचं खाल्लं आणि माझ्यावर चिडले की एवढंच वाढलंस का. नर्सने ताट फिरवलं, तेव्हा उरलेलं दिसलं. डोळे धड आहेत म्हणे, पण झटक्याने मेंदू डावी बाजू मोजतच नाही. चिडले याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. पण रात्रंदिवस ज्याच्याशी भांडले त्याला माझी निम्मी बाजू दिसत नाही, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

चिमणीला सांग. आहे ती माया तशीच ठेव.
तुझी ताई


बुधवार, ता. ५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दाजींना म्हणावं, बायकोचं ऐकायचं टाळायला माणसं काय काय करतात, पण हे जरा जास्तच झालं. रविवारी शाळेला सुट्टी, तेव्हा येऊन जातो. तोवर तू वेळेवर जेव. दवाखान्यातल्या लोकांवर ओरडू नकोस, ते दाजी नव्हेत.

तुझं पत्र वाचून एक गंमत आठवली. गेल्या रविवारी चहा पिताना माझ्या उजव्या हातातून कप सुटला. उचलायला गेलो तर हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. चिमणीला हाक मारायला गेलो तर तिचं नावच तोंडात येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं होतंच, म्हणा! नवीन चहा होईपर्यंत सगळं जागच्या जागी आलं. तिला सांगितलं की कप गरम होता. दुसऱ्या दिवशी शाळेची बस काढली, आजही चालवली. पोरं कावळ्यासारखी ओरडतात आणि मी झकास आहे.

बीपीची गोळी मात्र बंद केली. ती घेतली की सारखी लघवी लागते. वळणावळणाच्या रस्त्यावर भरलेली बस कुठे उभी करू? शिवाय डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसलं? चिमणीला यातलं काही कळवू नकोस. ती राईचा पर्वत करते.

लोभ आहेच, ओरडा खाऊनही राहील.
तुझा धाकटा


गुरुवार, ता. ६

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याने तुला कळवू नकोस असं बजावलंय, म्हणून तुलाच कळवते. त्याचं पत्र सोबत जोडलंय. खालचा भाग वाच. कप गरम नव्हता.

पत्र हातात घेऊन मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, आपोआप गेलं म्हणून ते गेलं असं नाही. ती सूचना असते. मोठा झटका तिच्या मागोमाग येऊ शकतो, आणि येतो तो बहुतेकदा पुढच्या काही दिवसांतच. इथे एक माणूस अर्धा होऊन पडलाय, आणि तिकडे दुसरा गंमत म्हणून लिहितोय!

पत्र मिळेल त्या क्षणापासून त्याला बसला हात लावू द्यायचा नाही. दवाखान्यात न्यायचं, लगेच. तो म्हणेल झकास आहे. ऐकू नकोस. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी पडून बघू, पाणी देऊ, असलं काही नाही. गाडी बोलवायची आणि कधी सुरू झालं ते ध्यानात ठेवायचं. गोळीने लघवी लागते तर डॉक्टर दुसरी देतात. स्वतःच बंद करणारा हा कोण लागून गेला?

तो आकांडतांडव करील. करू दे. माझ्या नावाने बोटं मोडील. मोडू दे. चुगली केली म्हणेल, तर हो, केली.

पोरांना माझा पापा दे आणि मला उत्तर धाड.
ताई


शनिवार, ता. ८

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आम्ही डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात आहोत, आम्हाला तो जवळ. इथून फोन लागतो, पण तुमचा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही. भाजीचा टेम्पो तुमच्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते.

गुरुवारी संध्याकाळी तुमचं पत्र आलं. मी काही बोलायच्या आत यांनी ओळखलं. इतके ओरडले की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बहीण वैरीण आणि बायको तिची चेली, असं म्हणाले. दवाखान्यात पाय ठेवणार नाही म्हणाले. शुक्रवारी सकाळी मला न सांगता चावी घेऊन निघून गेले. मी अनवाणी पायवाटेने पळत शाळा गाठली आणि सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्या बाईंना सांगून टाकलं. त्यांनी पोरं चढायच्या आत चावी मागून घेतली. यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. चारचौघांत अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखे उभे होते. इथे येताना टेम्पोत भाजीच्या टोपल्यांमध्ये माझ्याकडे पाठ करून बसले.

इथे बीपी इतकं निघालं की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा बघितलं. मानेतली रक्ताची नळी अरुंद झालीय म्हणाले आणि यांना ठेवून घेतलं. हे नर्सला सांगत होते की सोमवारी मी बसवर असेन.

आज सकाळी यांचा रुसवा जरा उतरला होता. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना बस वळणावर कशी घ्यायची ते हाताने दाखवत होते. वाक्य मध्येच थांबलं. दाखवणारा उजवा हात खाटेवरून लोंबला. तोंड एका बाजूने ओघळलं. मी किंचाळले. डॉक्टर त्याच खोलीत होते, क्षणाचा वेळ गेला नाही. फोटो काढला, इंजेक्शन दिलं.

सगळे धावपळ करत असताना माझी नजर घड्याळाकडे गेली. ताई, त्या वेळी बस तलावावरच्या वळणावर असते. भरलेली. आमचा छोटा यांच्या सीटच्या मागेच बसतो.

दुपारी उजवी बोटं हलली. शब्द अर्धे येतात, पण येतात. पहिला शब्द बस हाच होता. मी सांगितलं की दुसऱ्या ड्रायव्हरने नेली, पोरं शाळेत पोचली. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ नुसते खांदे हलत होते.

नंतर तुकड्या-तुकड्याने मला तुम्हाला दोन गोष्टी कळवायला सांगितल्या. एक, ताईशी मी आयुष्यात बोलणार नाही. दुसरी, ताई कधी येतेय.

दाजींना सांभाळून जमेल तसं या, आम्हाला पदरात घ्या.
तुमची चिमणी