दोन कार्बोरेटर, फजिती ऐका

सोमवार, ३० जून

आजही नाही! फट्-फट्-फट् — धूर — ठप्प. अख्खी गल्ली पाहायले जमा. हे — आमचे ज्ञानचंदशेठ, दुकान पोराच्या हाती देऊन मोकळे झालेले — इंजिनात डोकं घालून उभे. आन् इंजिन मागं! डिक्कीच्या जागी! पाणी लागत नाही त्याले, हवेवर थंड होते म्हणे.

हा जुना विलायती डबा घेतला तेव्हा म्हणाले, "अंगुरी, तू बाहेरचं खात नाहीस, म्हणून कुठं येत नाहीस. आता तुही शेगडीच संगं नेऊ. लोणारचं तळं दाखवतो तुले." आत ओटा, शेगडी, झोपायले गादी! लोभ सुटला मले. खोटं कायले लिहू?

नऊ तारखेले चौदस. मंग माहा चौमासाचा नियम — चार महिने कारंज्याची शीव ओलांडायची नाही. तोवर गाडी चालली नाही तं अंकित भंगारवाल्याले बोलावणार. पोटचं पोर, पण बापावर गेलं नाही!

मंगळवार, १ जुलै

लोणारच्या वाटेवरच्या मालेगावहून हेमसिंग मिस्त्री आला. वाकून पाहिलं, डोकं खाजवलं. "काकाजी, फटफटीले एक कार्बोरेटर पुरते. याले दोन कायले?" मंग आपणच म्हणाला, "दोन बायका, फजिती ऐका!" मी पोट धरून हसली. हे नाही हसले.

उजव्या बाजूले पेट्रोल पोचत नाही म्हणतो. खोलावं लागते.

गुरुवार, ३ जुलै

खोललं. पेट्रोल जाते त्या जेटच्या सुईएवढ्या भोकात पांढरा धागा! हेमसिंगनं ओढून उन्हात धरला. "हे काय व्हय काकू?"

मी ओळखला. माह्याच गाळण्याचा! आमच्या घरी पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय तोंडाले लावत नाही. जुन्या टाकीत कचरा नको म्हणून पेट्रोलही म्यांच गाळून दिलं होतं. कोरं मांजरपाट. मोठ्या भक्तीनं!

"पेट्रोलले बी धरम लावला तुनं," हे म्हणाले.

"अन् तुमी कॅन धरून कायले उभे होते?"

शुक्रवार, ४ जुलै

सुरू झाली!! पण लंगडी. गल्लीच्या तोंडाशी उडी मारून बंद.

हेमसिंग म्हणतो, दोन्ही कार्बोरेटरनं सारखी हवा ओढली पाहिजे. रबरी नळी एकेकाच्या तोंडाशी धरा, दुसरं टोक कानाले. दोन्हीकडं सूं-सूं सारखी आली का झालं. "हे तं मीच करतो," — कोण? हेच.

शनिवार, ५ जुलै

दिवसभर नळी अन् स्क्रू. डावीकडं सूं कमी येते म्हणून डावा स्क्रू पिळून राह्यले. पिळतात तशी गाडी जास्तच बिथरते. मीही.

रविवार, ६ जुलै

आज नीट पाहिलं. डाव्या कार्बोरेटरले डावा कान, उजव्याले उजवा! अगं बाई!

हळूच ह्यायच्या डावीकडं गेली. म्हटलं, "मी कायमची माहेरी चालली." काहीच नाही. उजवीकडं जाऊन त्याच आवाजात म्हटलं, "शिरा करू का?"

"कर ना! तूप सढळ टाकजो."

नळी हिसकावून मीच बसली. दोन्हीकडं एकच कान. हेमसिंग स्क्रू फिरवते, मी म्हणते, "थोडं... आणखीन... बस!" इंजिन धापा टाकायचं थांबलं, एका लयीत चालू लागलं. हेमसिंगनं मलेच हात जोडले.

कानाचं ह्यायले काही बोलली नाही. वाईट वाटलं. घरात मी नेहमी डावीकडं बसून बोलायची, अन् मनात म्हणायची — मुद्दाम ऐकत नाहीत.

सोमवार, ७ जुलै. मालेगावच्या पुढं, लिंबाखाली

शेगडी पेटली. सकाळपासून मी बोलून राह्यली अन् हे एकेका गोष्टीले उत्तर देऊन राह्यले! शेवटी विचारलंच, आज ऐकू कसं येते?

म्हणाले, "विलायती गाडी हाय. स्टेअरिंग डावीकडं. म्हणजे तू बसते उजवीकडं, माह्या चांगल्या कानाशी. म्हणून तं घेतली."