चैतातलं घोंगडं

बर्लिन, एप्रिल

आई, लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

रुपाली वहिनी, हे तिला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

आई, मी हितं बरी हाय. थंडी अजून हटली न्हाय, पण माझी भाकरी आता तव्यावर फुगती. विद्यापीठातली नोकरी या वर्षापुरती पक्की हाय. पुढचंही हुईल काहीतरी, तू घोर लावून घेऊ नको.

तू सारखं विचारतीस, त्या जुन्या वैद्यांचं एवढं काय वाचतीस? अगं, दोन हजार वर्षांमागचे ग्रीक वैद्य आजाऱ्याची रोजची हकिकत लिहून ठेवायचे. झोप लागली का, जेवण गेलं का, अंगावर काय घेतलं. यंत्रं नव्हती, म्हणून माणसाकडं नीट बघायचे.

मलाही तीच सवय लागलीया. परवा व्हिडिओ कॉलवर तू शेळी व्याल्याचं लई हौसेनं सांगत होतीस. पण ऐन चैतात, सोलापूरच्या उन्हात, तू घोंगडं पांघरून बसली होतीस. भारतदादा म्हणाला, "सवयच हाय की तिला." तू लगेच मान डोलावलीस.

कधीपासून ताप येतोय? फोनवर विचारलं की तू शेळीचं काढतीस, म्हणून लिहितेय. दादाला घेऊन उद्याच दवाखान्यात जा. वहिनी, मला काही सांगू नको म्हणून तिनं तुला शपथ घातली असंल, ती मी मोडली असं समज.

दोन हजार वर्षांमागं मेलेल्या ग्रीक आजाऱ्याला कोणत्या रात्री झोप लागली, ते मला ठाऊक हाय. माझ्या आईला काल लागली का, ते न्हाय.

तुझीच,
सुकन्या